काशी, कमच्छा आणि एक फ्रेंच द्राक्षासव

नोकरीच्या निमित्ताने परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसावर गणेशोत्सवात व्याख्यान देण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. पदवीला आमचा विषय इतिहास होता, हे आम्ही एकदा चहाच्या वेळी भोळेपणाने बोलून गेलो होतो. त्यामुळे वाराणसीस बदली होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी तो आमच्यावर आला. दिवसभर फायलींवर टिपण्या लिहिणाऱ्या माणसाला श्रोत्यांसमोर उभे राहण्याचा मोह थोडाथोडका नसतो. आम्ही व्याख्यान दिले, टाळ्या मिळवल्या, आणि त्या रात्री जे बोललो त्यातील एक वाक्य आजतागायत आम्हाला टोचत आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती होय.

विषय सुचला होता एका बाटलीवरून. आमच्या मंडळींत लेखा खात्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. त्यांना सारे नाना म्हणतात. त्यांचा भाचा फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ नोकरीस असतो. सुटीत येताना त्याने मामांसाठी तांबड्या वाइनची एक बाटली आणली. नाना सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. शिवाय केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील मादक पेयांविषयीचा बाविसावा नियम त्यांना तोंडपाठ. त्यांनी बाटली दोन बोटांत धरून दिव्याच्या उजेडात पाहिली आणि विचारले, "हे आणण्याचे कारण?" भाचा म्हणाला, "मामा, पिऊ नका, पण ऐकून तर घ्या. या बागेत रासायनिक खत घालत नाहीत. गायीच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरतात, आणि बागेची कामे चंद्र पाहून करतात." नानांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, म्हणजे हे आपले पंचांगच की!"

तेवढ्या धाग्यावर आम्ही आमचे व्याख्यान विणले. 'ही विद्या जर्मनांनी आपल्याच ग्रंथांतून नेली आणि फ्रेंचांनी ती बाटलीत भरून आपल्याला विकायला आणली,' हेच ते वाक्य. टाळ्या कडाडल्या. त्या ओसरल्यावर मागच्या रांगेतून दहावीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने अगदी सरळपणे विचारले, "काका, कोणता ग्रंथ? आणि कोणी नेला?" आम्ही म्हणालो, "असे पुष्कळ ग्रंथ आहेत, बाळ," आणि खाली बसलो. कचेरीत संदर्भाशिवाय टिपणी पुढे केली तर ती वरून परत येते, हे जाणणाऱ्या माणसाने गणपतीपुढे मात्र बिनसंदर्भाचे विधान खुशाल करावे, याची लाज त्या मुलाला नव्हे, आम्हाला वाटली. तेव्हापासून रविवारच्या रविवारी मिळेल ते वाचून आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहोत.

प्रथम त्या बाटलीचाच परिचय करून देणे बरे. ती शातो पोंते-काने या द्राक्षमळ्याची, २०१५ सालच्या हंगामाची. हा मळा बोर्दोच्या उत्तरेस जिरोंद नदीच्या मुखालगत पोयाक नावाच्या गावी आहे. विस्तार सुमारे ८० हेक्टर. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मळ्यांची जी प्रसिद्ध प्रतवारी लावण्यात आली, तीत याला पाचव्या वर्गात स्थान मिळाले. मालक आल्फ्रेड तेसरों आणि त्यांचे व्यवस्थापक जाँ-मिशेल कोम यांनी २००४ साली मळ्यातील १४ हेक्टरांवर एक प्रयोग आरंभिला आणि पुढच्याच वर्षी तो साऱ्या मळ्यावर नेला. ही ती बायोडायनॅमिक शेती. बोर्दोसारख्या सनातनी मुलखात एवढ्या मोठ्या आणि नामांकित मळ्याने असे धाडस करावे याचे तेथे मोठे नवल झाले.

धाडसाची परीक्षाही लवकरच झाली. २००७ चा उन्हाळा पावसाळी गेला आणि वेलींवर डाउनी मिल्ड्यू, म्हणजे आमच्या नाशिककडील बागायतदार ज्याला 'केवडा' म्हणतात तो रोग, पसरला. केवड्याच्या भीतीने रात्र रात्र जागणारा द्राक्षबागायतदार ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेसरों यांची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. योगायोग असा की, या रोगावर जे मोरचूद आणि चुन्याचे औषध आपले शेतकरी 'बोर्डो मिश्रण' म्हणून फवारतात, त्याचे नावच मुळी या बोर्दो शहरावरून पडले आहे. तेथील प्राध्यापक मिलार्दे यांनी ते १८८५ साली प्रसिद्ध केले. त्या वर्षी मात्र तेसरों यांचा धीर सुटला. त्यांनी रासायनिक औषधे फवारली, आणि अधिकृत मान्यतेची वाट पुन्हा आरंभापासून चालावी लागली. ती त्यांना २०१० साली मिळाली. आपण घाबरलो याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखविला. मळ्यात नांगरटीला त्यांनी घोडे आणले, ते जड यंत्रांखाली जमीन दडपू नये म्हणून.

अशी वाइन तत्काळ पिण्यासाठी नसते. तांबड्या वाइनमध्ये द्राक्षाच्या साली आणि बियांतून उतरलेला तुरटपणा असतो. नव्या वाइनमध्ये तो जिभेला ओढून धरतो. वर्षानुवर्षे बाटली अंधारात राहिली म्हणजे ही तुरट द्रव्ये आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जुळत जातात, काही साका होऊन तळाशी बसतात, आणि चव मवाळ व खोल होते. आपल्या भाषेत याला 'मुरणे' असा नेमका शब्द आहे. आजीच्या हातचे लिंबाचे लोणचे ज्याने खाल्ले आहे त्याला ही कल्पना परकी नाही. फरक एवढाच की, लोणच्याची बरणी आपण फडताळात ठेवतो, आणि वाइनला १२ ते १४ अंश सेल्सिअसचे तळघर लागते. तेथे बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओले राहते व हवा आत शिरत नाही. भाच्याच्या मते ही बाटली २०३५ च्या सुमारास उघडावी. हे ऐकून नाना हसले. "२०३५ साली मी पेन्शनीत असेन की वर असेन हे ठाऊक नाही, आणि मेच्या महिन्यात काशीत १४ अंश कुठे शोधू?" वाराणसीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घाटांवरच्या जुन्या वाड्यांना तळघरे आहेत, पण गंगा चढली की पहिली भरतात तीच. १९७८ च्या महापुराच्या आठवणी येथली वृद्ध माणसे अजून सांगतात.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. फ्रान्समधील द्राक्षमळ्यात काशीची विद्या गेली असेल तर ती कोणत्या वाटेने? आम्हाला तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट मोठी मोहक आहे, कारण तिच्यावर एक मराठी माणूस उभा आहे. सतराव्या शतकात फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य मोगल दरबारातील दानिशमंदखानाच्या पदरी होता. माँपेलिये येथे वैद्यकाची पदवी घेतलेला आणि गासांदी या तत्त्वज्ञाचा शिष्य असलेला हा माणूस साऱ्या गोष्टींची चिकित्सा करी. १६६५ च्या अखेरीस आग्र्याहून निघून बंगालकडे जाताना तो काशीत थांबला. काशीला त्याने हिंदुस्थानचे अथेन्स म्हटले आहे. तेथील पंडितांच्या एका प्रमुखाने त्याचे स्वागत केले, आपल्या ग्रंथालयात नेले आणि आणखी सहा विद्वानांना बोलावून त्याच्याशी चर्चा घडवून आणली. हे प्रमुख म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती होत, असे भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी साधार दाखविले. कवींद्राचार्य मूळचे गोदातीरचे. काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शहाजहानास विनवून रद्द करविला, याबद्दल साऱ्या देशातील विद्वानांनी त्यांचा गौरव केला होता. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची सूची १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. तीत दोन हजारांहून अधिक ग्रंथांची नोंद आहे.

म्हणजे फ्रेंच माणूस, काशी, मराठी पंडित आणि ग्रंथांनी भरलेली दालने, सारे एका ठिकाणी आले! आमच्यासारख्याला आणखी काय हवे? परंतु बर्नियेचे लेखन वाचले की हा मोह ओसरतो. पंडितांशी त्याची चर्चा झाली ती मूर्तिपूजेविषयी व सृष्टीच्या उत्पत्तीविषयी. शेतीचे एकही पुस्तक त्याने येथून नेल्याचा उल्लेख नाही. वाइनविषयी त्याने लिहिले आहे, पण ते तक्रारीच्या सुरात. दिल्लीच्या दुकानांत ती मिळत नाही. येथील द्राक्षांची होऊ शकेल, पण दोन्ही धर्मांचा तिला निषेध. शिराझची वाइन इराणातून समुद्रमार्गे सुरतेस येते आणि तेथून दिल्लीस पोहोचायला ४६ दिवस लागतात. आणि किंमत अशी की तिच्या धक्क्यानेच चव निघून जावी. या वाटेने हिंदुस्थानात बाटल्या येत होत्या. विद्या गेल्याचे दिसत नाही. पहिली वाट येथे संपली.

दुसरी वाट नानांची, पंचांगाची. तिच्यात तथ्य आहे असे प्रथमदर्शनी वाटते. 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात पेरणी, नांगरणी, बी राखणे यांसाठी तिथी-नक्षत्रांचे नियम दिलेले आहेत. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचे प्रकरण आहे, आणि कोणत्या झाडांचे कलम करावे याच्या यादीत तेथे द्राक्षाचेही नाव येते. काशी तर पंचांगकर्त्यांचे माहेरघर. येथील संस्कृत महाविद्यालयात ज्योतिष शिकविणारे बापूदेव शास्त्री आपलेच. उलट बाजूने पाहिले तर बायोडायनॅमिक शेतकऱ्यांचेही एक पंचांग आहे. मारिया टून या जर्मन बाईंनी १९६३ पासून ते दरवर्षी प्रसिद्ध केले. चंद्र कोणत्या तारकासमूहात आहे ते पाहून त्यांनी दिवसांचे चार वर्ग केले: मुळांचे, पानांचे, फुलांचे आणि फळांचे. चंद्र सिंहेत किंवा धनूत असला की दिवस फळाचा, म्हणून द्राक्षाला उत्तम. गंमत अशी की, टूनबाई पाश्चात्त्य फलज्योतिषातील सायन राशी घेत नाहीत. आकाशात प्रत्यक्ष दिसणारे तारकासमूह घेतात. आपल्या निरयन पद्धतीशी याचे साम्य पाहून नानांना गहिवरून येणे साहजिक होते.

तथापि साम्य म्हणजे वंश नव्हे. चंद्राच्या वाढी-घटीनुसार लाकूड तोडावे, खत घालावे, बी पेरावे, असे नियम रोमन ग्रंथकार केटो आणि प्लिनी यांनीही दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहेत. आकाशाखाली राहणारा कोणताही शेतकरी चंद्राकडे पाहणारच. दोन माणसांची नाके सारखी असली म्हणून ती भावंडे ठरत नाहीत. जन्मनोंद दाखवावी लागते. टूनबाईंच्या पंचांगाची नोंद पाहता ते त्यांच्या स्वतःच्या बागेतील निरीक्षणांवरून आणि त्यांच्या गुरुसंप्रदायाच्या शिकवणुकीवरून तयार झाले असे दिसते. ज्या गुरूचा तो संप्रदाय, त्याच्याकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि तेथेच, वाचकहो, तिसरी वाट सापडते. ती आमच्या रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरूनच जाते.

वाराणसीत कमच्छा नावाचा भाग आहे. गोदौलियाच्या गर्दीतून सुटून दक्षिण-पश्चिमेकडे गेले की तेथे मोठाली झाडे, जुने बंगले आणि शाळेच्या इमारती लागतात. अ‍ॅनी बेझंट यांनी १८९८ साली काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापिले. काशीनरेश प्रभुनारायण सिंह यांनी दिलेल्या जागेत ते येथे स्थिरावले, आणि त्यातूनच पुढे १९१६ साली हिंदू विश्वविद्यालय उभे राहिले. थिऑसॉफिकल सोसायटीच्या भारतीय शाखेचे मुख्य ठाणेही येथेच. बेझंटबाईंचे 'शांतिकुंज' हे घर याच परिसरात.

याच थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचा सरचिटणीस होता रुडॉल्फ स्टायनर. १९०२ साली बर्लिन येथे ती शाखा स्थापन झाली तेव्हा बेझंटबाई स्वतः उपस्थित होत्या. गटे या महाकवीच्या विज्ञानविषयक लेखनाचे संपादन केलेला हा विद्वान. कर्म, पुनर्जन्म, सूक्ष्म देह अशा कल्पना त्याने आपल्या व्याख्यानांतून युरोपीय श्रोत्यांपुढे मांडल्या. हिंदुस्थानात तो कधीच आला नाही. पण ज्या संस्थेत त्याची वाढ झाली तिची एक चूल काशीत पेटत होती.

१९०९ साली अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर लेडबीटर यांना जिद्दू कृष्णमूर्ती हा मुलगा दिसला, आणि भावी जगद्गुरू याच्याच देहातून प्रकट होणार अशी भाकिते सुरू झाली. जानेवारी १९११ मध्ये सेंट्रल हिंदू कॉलेजचे प्राचार्य जॉर्ज अरुंडेल यांनी येथे, वाराणसीत, त्या जगद्गुरूच्या स्वागतासाठी 'उगवत्या सूर्याचा संघ' काढला. बेझंटबाईंनी त्याच वर्षी त्याचा विस्तार करून 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' ही जगभर पसरणारी संस्था केली. २८ डिसेंबर १९११ रोजी वाराणसीतील भारतीय शाखेच्या सभागृहात सोळा वर्षांच्या कृष्णमूर्तींच्या हातून सभासदांना प्रमाणपत्रे वाटली जात होती. त्या वेळी सभेत काही विलक्षण शक्ती उतरल्याचा अनुभव अनेकांना आला आणि वयाने वडील असलेली माणसे त्या मुलाच्या पायांवर डोके ठेवू लागली. पुढे त्या पंथात हा दिवस पवित्र मानला गेला.

काशीतच साऱ्यांना हे रुचले असे नव्हे. कॉलेजच्या उभारणीत बेझंटबाईंचे उजवे हात असलेले डॉ. भगवान दास यांनी या व्यक्तिपूजेवर उघड टीका केली. १९१३ साली अरुंडेल आणि त्यांचे सहकारी कॉलेज सोडून गेले. तिकडे जर्मनीत स्टायनर यांनीही मान तुकविली नाही. या नव्या संघाच्या सभासदांना जर्मन शाखेत जागा नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. २८ डिसेंबर १९१२ रोजी, काशीतील त्या प्रसंगाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, कोलोन येथे त्यांच्या अनुयायांनी अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटी ही स्वतंत्र संस्था स्थापिली. आणि १९१३ च्या मार्चमध्ये बेझंटबाईंनी जर्मन शाखेची सनद रद्द केली. इकडे ज्यांच्यावरून हे सारे झाले त्या कृष्णमूर्तींनी १९२९ साली हॉलंडमध्ये ओमेन येथे आपला संघ स्वतःच विसर्जित केला. वाराणसीत राजघाटावर त्यांच्या नावाची संस्था आजही शाळा चालविते.

आता वेगळ्या झालेल्या स्टायनरकडे परत जाऊ. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात रासायनिक नत्रखते शेतात आली होती, आणि बियाणे कसदार राहिले नाही, जनावरे दुबळी झाली, अशी तक्रार घेऊन काही शेतकरी त्यांच्याकडे आले. ७ ते १६ जून १९२४ या दिवसांत कोबरविट्झ येथे, काउंट कायझरलिंक यांच्या जमीनदारीच्या वाड्यात, त्यांनी आठ व्याख्याने दिली. ते गाव आज पोलंडमध्ये कोबिएझित्से या नावाने आहे. श्रोते शंभराहून अधिक. गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरावे, वसंतात काढून चिमूटभर पाण्यात टाकून तासभर उलटसुलट घुसळावे व शेतात शिंपडावे. गारगोटीची पूड उन्हाळ्यात अशीच पुरावी. कंपोस्टात विशिष्ट वनस्पती घालाव्यात: हे सारे त्या व्याख्यानांतले. शेत म्हणजे स्वयंपूर्ण जिवंत देह, हा त्यांचा सिद्धांत. पुढच्याच वर्षी, ३० मार्च १९२५ रोजी, ते वारले. 'बायोडायनॅमिक' हे नाव शिष्यांनी दिले; मालावर लागणारी 'डेमेटर' ही खूण १९२८ पासूनची. फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यांपर्यंत ही पद्धती यायला आणखी काळ गेला. अल्सासमध्ये यूजीन मायर यांनी १९६९ साली ती स्वीकारली. लुआर नदीकाठी निकोला जोली यांनी तिचा जगभर प्रचार केला. बरगंडीत लालू बीझ-लरुआ यांनी १९८८ पासून तांबड्या वाइनचे आपले मळे असेच राखले. त्याच परंपरेत पोंते-काने. यातील उपरोध सांगितल्याशिवाय राहवत नाही: स्टायनर स्वतः मद्याचे विरोधक होते. ज्याने मद्य वर्ज्य सांगितले, त्याची शेती आज सर्वांत अधिक गाजते ती मद्यामुळे.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे: ग्रंथ कोणताही नव्हे, आणि कोणी चोरूनही नेला नाही. काशीतून जे गेले ते एक भांडण. कमच्छातील त्या प्रसंगापुढे स्टायनर नमते, तर ते जर्मन शाखेचे सरचिटणीस म्हणूनच राहिले असते. कोबरविट्झची व्याख्याने त्यांनी त्या रूपात दिली असती की नाही हे सांगता येत नाही. आमच्या पंचांगाला फ्रेंच बाटलीत भरल्याचा पुरावा नाही. पण त्या बाटलीची वंशावळ लिहायची झाली तर तीत कमच्छाचे नाव घालावे लागेल, हेही तितकेच खरे.

मग शिंगातल्या शेणाने खरोखर काही होते काय? येथे आम्हाला दुसरे एक गाव आठवते, आणि ते मराठी माणसाला काशीइतकेच जवळचे. १९२४ सालीच, स्टायनर कोबरविट्झला बोलत होते त्याच वर्षी, होळकरांच्या इंदूरमध्ये आल्बर्ट हॉवर्ड यांची वनस्पतिसंशोधन संस्था सुरू झाली. शेण, पालापाचोळा, मूत्र आणि माती यांचे थर रचून, ठराविक वेळी परतून कंपोस्ट करण्याची 'इंदूर पद्धत' तेथे सिद्ध झाली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने नाव आहे यशवंत वाड या मराठी संशोधकाचे. हॉवर्ड यांनी हिंदुस्थानी शेतकऱ्याला आपला गुरू म्हटले. आणि स्टायनरपंथीयांविषयी १९४० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट लिहिले की, त्यांच्या उपपत्ती आपल्याला पटलेल्या नाहीत. एकीकडे माप घेऊन, तपमान मोजून सिद्ध केलेले शेणखत. दुसरीकडे आकाशातील शक्ती शिंगात साठविणारे शेण. दोन्ही एकाच वर्षी निघाली.

स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून रासायनिक, सेंद्रिय व बायोडायनॅमिक शेतांची शेजारी शेजारी तुलना चालू आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २१ वर्षांच्या निष्कर्षांत रासायनिकेतर शेतांचे उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी कमी आले. मात्र खताचा भार ३४ ते ५३ टक्क्यांनी घटला आणि जमिनीतील जीवसृष्टी अधिक संपन्न आढळली. सेंद्रिय शेतीहून निराळा असा शिंगाचा वेगळा प्रभाव मात्र निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे पोंते-कानेच्या यशाचे रहस्य रोज वेलीवेलीपाशी जाऊन पाहणाऱ्या माणसांत असावे. आणि ही विद्या हिंडत हिंडत कोठे परत आली? १९९३ साली न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर ती शिकवायला हिंदुस्थानात आले ते इंदूरच्या कस्तुरबाग्राममध्ये! माणसांप्रमाणे कल्पनांच्याही बदल्या होतात. एका ठाण्यावरून त्या निघतात, दुसऱ्या ठाण्यावर नव्या हुद्द्याने रुजू होतात, आणि फिरून जुन्या गावी आल्या की तेथली माणसे त्यांना ओळखत नाहीत.

परमुलखात राहणाऱ्या आम्हां लोकांना 'हे सारे आपलेच' असे म्हणण्याची विशेष ओढ असते. घर दूर असते, बोली कानांवर पडत नाही, आणि जगातील प्रत्येक चांगल्या वस्तूवर आपले नाव कोरलेले दिसले की तेवढाच आधार वाटतो. त्या आधाराची आम्हाला थट्टा करवत नाही. पण ज्या गावात कवींद्राचार्यांनी परक्या फ्रेंच वैद्याला ग्रंथांपुढे बसवून प्रश्न विचारू दिले, त्या गावात आम्ही आपल्याच मुलाचा प्रश्न टाळावा, हे शोभणारे नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हे सारे त्या मुलाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि पुन्हा विचारले, "मग शिंगाचा उपयोग होतो की होत नाही?" या वेळी आम्ही म्हणालो, "सिद्ध झालेले नाही." त्याने मान हलवली. ते उत्तर त्याला आमच्या पहिल्या उत्तरापेक्षा पुष्कळ आवडलेले दिसले. नानांना मात्र थोडे वाईट वाटले. दोन दिवस ते आमच्याशी बेताचेच बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "ते कमच्छातले सभागृह कोणते, दाखवाल का?"

बाटलीचे काय झाले, हे वाचक विचारतील. दोन उन्हाळे ती एका जुन्या वाड्याच्या मधल्या खोलीत, ओल्या वाळूच्या रांजणात राहिली. भाचा पुन्हा आला तेव्हा नानांनी ती त्याच्या हवाली केली. २०३५ पर्यंत ती आता त्याच्या तळघरात मुरेल. तिच्या गळ्यात आम्ही एक चिठ्ठी बांधली आहे: 'मार्गे कमच्छा, वाराणसी. २८ डिसेंबर १९११.' नाना म्हणाले, "बाटलीला स्वगृही बदली मिळाली हो." आमचा अर्ज अजून वरच्या कचेरीत पडून आहे.